टार्गेटच्या आतले दोन आकडे

पर्सिस्टंट सिस्टिम्सचे तिमाही निकाल लागले की विश्लेषकांबरोबरचा कॉन्फरन्स कॉल मी वही घेऊन ऐकतो. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या ‘भगीरथ’मधली ही आयटी कंपनी डॉ. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केली. २०१० च्या आयपीओत शेअर ३१० रुपयांना मिळाला होता. पुढे २०१५ मध्ये एकास एक बोनस आला, २०२४ मध्ये शेअरचं विभाजन झालं आणि आयपीओतल्या एकाचे एकूण चार झाले. पुण्यात हे शेअर जपून ठेवणाऱ्यांना पुढचा आकडाही मोठाच दिसतो, आणि त्यात नवल नाही.

कॉलवर आधी व्यवस्थापन आकडे सांगतं. खरी गंमत प्रश्नांत असते. नव्या करारांची रक्कम किती, पगारवाढ कोणत्या तिमाहीत लागणार, मार्जिन टिकेल का, अमेरिकेतले ग्राहक खर्च लांबणीवर टाकतायत का? उत्पन्नाचा बहुतांश भाग उत्तर अमेरिकेतून येतो, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न कळीचा. उत्तराने समाधान न होता कोणी तोच प्रश्न फिरवून विचारला, की मी तिथे खूण करतो.

त्यानंतर ब्रोकरेजचे रिपोर्ट येतात, पहिल्याच पानावर ठळक टार्गेट, म्हणजे शेअरचा अपेक्षित भाव. बहुतेक वेळा तो साधा गुणाकार असतो: येत्या वर्ष-दोन वर्षांतला प्रतिशेअर नफा गुणिले पीई, म्हणजे त्या नफ्याच्या किती पट भाव द्यायचा तो आकडा. नफा १०० रुपये धरला आणि पीई ५०, तर टार्गेट ५०००. पीई ३५ केला की ३५००. कंपनीची कमाई मात्र दोन्हीकडे तीच. नफ्याच्या अंदाजामागे विश्लेषकाची मेहनत असते, एकेका कराराचा हिशेब असतो. पीईत मात्र बाजाराचा मूड बराच शिरतो, असं माझं ठाम मत आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर चढले आणि निफ्टी आयटी निर्देशांक वर्षभरात सुमारे पाव हिस्सा खाली आला. नफा काही त्या प्रमाणात आटला नव्हता.

मध्यंतरी ओळखीच्या एका निवृत्त काकांनी असाच रिपोर्ट पुढे केला. टार्गेट वाढलं होतं, आणखी शेअर घ्यावेत असं त्यांच्या मनात होतं. आम्ही त्याच ब्रोकरेजचा मागचा रिपोर्ट शेजारी ठेवला. नफ्याचा अंदाज जवळपास तोच होता, वाढवला होता तो पीई. मग शेवटचं पान उघडलं. विश्लेषकाकडे स्वतःचे शेअर आहेत का, हे सेबीच्या नियमांनुसार तिथे छापावं लागतं. काकांनी चष्मा पुसला आणि तो बारीक मजकूर पहिल्यापासून वाचायला घेतला.