केळ्यातला किरणोत्सर्ग

केळ्यात किरणोत्सर्ग असतो, असा एक निरोप मोबाइलवर फिरत फिरत आमच्या गटातही आला. दोघीतिघींनी लगेच लेकरांची केळी बंद केली. एका घरी तर गरोदर सुनेलाही सासूबाईंनी केळं खाऊ दिलं नाही. म्हणून आज हाच विषय घेतलाय.

निरोपातलं अर्धं खरं आहे. केळ्यात पोटॅशियम असतं. शेतात आपण पोटॅश टाकतो ना, त्यातलंच हे द्रव्य. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर 10 हजार अणूंमागे साधारण एक अणू वेगळा असतो. त्याला पोटॅशियम-40 म्हणतात. तो कधी ना कधी फुटतो आणि किरण बाहेर टाकतो. हे कुठल्या कारखान्यातून किंवा फवारणीतून आलेलं नाही. पृथ्वी झाली तेव्हापासून ते मातीत आहे, आणि संपतं इतकं सावकाश, की निम्मं व्हायलाच सव्वाशे कोटी वर्षं लागतात. मातीतून ते पिकात येतं, पिकातून आपल्या अंगात. बटाटा, पालक, तूरडाळ, शेंगदाणे, नारळपाणी, दूध, सगळ्यांत ते आहे. बिचाऱ्या केळ्याचंच नाव का निघालं, कोण जाणे!

एका केळ्यात सेकंदाला 10 ते 15 अणू फुटतात. ऐकून छातीत धस्स होतं. पण मोठ्या माणसाच्या शरीरात सेकंदाला सुमारे 4 हजार अणू फुटतच असतात, रात्रंदिवस. तुमच्या, आमच्या, त्या सासूबाईंच्याही. हृदय चालायला, हातपाय हलायला पोटॅशियम लागतंच.

रोज केळं खाल्लं तर ते साठत जाईल का? नाही. रांजण भरला की वरचं पाणी वाहून जातं, तसं जास्तीचं पोटॅशियम किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. तेव्हा लेकरांना आणि त्या सुनेला केळं खुशाल द्या.

जपायचं ते किडनी अधू झालेल्या माणसाला. तिथं भीती किरणांची नाही, पोटॅशियमचीच. ते रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल, तर केळं, नारळपाणी त्यांना विचारूनच द्यावं. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी ओतून द्यावं. दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात बहुतेक वेळा सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. अशा घरात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.