लाकडाचा लगदा ते क्लीनेक्स

किंबर्ली-क्लार्क ही कंपनी 1872 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, नीना गावात चार भागीदारांनी सुरू केली. सुरुवातीचा धंदा साध्या कागदाचा. खरी गंमत पहिल्या महायुद्धात झाली. मलमपट्टीला कापूस पुरेना, तेव्हा कंपनीचं 'सेल्युकॉटन' कामाला आलं. लाकडाच्या लगद्यापासून केलेलं हे 'सेल्युकॉटन' कापसाच्या पाचपट ओल शोषायचं, शिवाय स्वस्त. आघाडीवरच्या नर्सेसनी तेच मासिक पाळीसाठी वापरायला सुरुवात केली. (माल कंपनीचा, पण उपयोग बायकांनी शोधला!)

1920 मध्ये कंपनीचं 'कोटेक्स' हे सॅनिटरी पॅड आलं. पण दुकानदाराकडे मागायचं कसं? मग काउंटरवर पुडे रचून शेजारी पैशांचा डबा ठेवला. पैसे टाका, पुडा उचला, चकार शब्द बोलायला नको. संकोच कंपनीलाही होताच. हा माल विकायला तिने वेगळ्याच नावाची कंपनी काढली!

कंपनीचं 1924 चं टिश्यू, क्लीनेक्स, तर चेहऱ्यावरचं कोल्ड क्रीम पुसायला होतं. पण लोक त्यात सर्रास नाक शिंकरत होते. कंपनीने शहाणपणा केला, 1930 च्या सुमारास जाहिरातच बदलली आणि खप झपाट्याने वाढला.