कपड्यांवरील तेलाचे डाग

सणासुदीच्या पंक्तींत वाढतांना फोडणीच्या तेलाचा एक थेंब पैठणीवर पडतो आणि घरांत एकच धांदल उडते. कोणी ओलें फडकें आणावयास धांवतें, कोणी साबणाची वडी शोधूं लागतें. या दोन्ही उपायांनीं पुष्कळदां मूळ डागाहून अधिक नासाडी होते. तेल आणि पाणी यांचें सख्य नाहीं. नुसत्या पाण्यानें तेल निघत नाहीं, मात्र चोळल्यानें तें धाग्यांत खोल शिरतें व रेशमाची झिलई कायमची जाते.

ताज्या डागावर प्रथम कोरडाच उपचार करावा. स्वच्छ सुती फडक्यानें वरचें तेल अलगद टिपून घ्यावें. मग टाल्कम पावडर किंवा खडूची वस्त्रगाळ पूड जाड पसरून तीनचार तास तशीच राहूं द्यावी. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशाच पुडीच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्या तें शोषून घेतात. पूड झटकून गरज पडल्यास पुन्हां नवी घालावी. पैठणीच्या बाबतींत येथेंच थांबून पुढचें काम जाणत्या ड्राय क्लीनरकडे सोंपवावें.

सुती कपड्याचें मात्र घरींच भागतें. साबणाच्या रेणूचें एक टोंक पाण्याकडे ओढ घेतें, दुसरें तेलाकडे. तेलाकडचीं टोंकें थेंबाला चहूंबाजूंनीं वेढतात, त्याचे बारीक कण करतात व ते पाण्याबरोबर वाहून जातात. चरबी व साबण यांच्या घटनेचा उलगडा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनीं १८२३ सालच्या आपल्या ग्रंथांत केला. साबण मात्र त्यापूर्वीं शतकानुशतकें आपलें काम करीतच होता. विहिरीच्या जड पाण्यांत साबणाचा बराच भाग साक्याच्या रूपानें फुकट जातो. तेथें भांडीं घासण्याचा द्रव साबण अधिक उपयोगी. कोरड्या डागावरच त्याचे दोन थेंब बोटानें जिरवावे आणि पंधरा मिनिटांनीं कोमट पाण्यानें धुवावें. पांढऱ्या सुतास धुण्याचा सोडाही सोसतो. रेशीम व लोंकर हीं प्राणिज द्रव्यें क्षारानें बिघडतात, त्यांना रिठ्याचें पाणी बरें.

हळद ही निराळीच पीडा. साबण लागतांच पिवळा डाग लाल होतो, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. घाबरूं नये, तो क्षाराचा परिणाम होय, साबण निघून गेल्यावर रंग पुन्हां पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा पांढऱ्या कपड्यावरून उन्हांत विटून जातो.

पेट्रोलनें डाग जातो, हें खोटें नव्हे. पण त्याची वाफ हवेपेक्षां जड असून जमिनीलगत पसरते आणि दूरच्या शेगडीपर्यंत पोंचून भडकते. कोणतेंही लुगडें एवढें मोलाचें नसतें. घरांत तें वापरूंच नये.

सर्वांत चिवट म्हणजे जुना डाग. जवस, करडई यांचीं तेलें हवेंतील प्राणवायु शोषून रोगणासारखीं घट्ट होतात, व इस्त्रीच्या उष्णतेनें ही क्रिया जलद होते. ओल्या कापडावर डाग नीट दिसत नाहीं. म्हणून कपडा पुरता वाळवून उजेडाकडे धरून पाहावा, आणि डाग दिसल्यास इस्त्री बाजूला ठेवून धुणें पुन्हां करावें.