रौप्यपदकाच्या काठावरील नाव

ज्या १९१४ साली दौंड-बारामती ही अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली, त्याच साली युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला. आणि नीरेच्या कालव्याचे पाणी ज्यांच्या शिवाराला लागले नव्हते अशा बारामती-इंदापूरच्या जिराईत गावांतील तरुणांना, दरसाल आभाळाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा पलटणीचा ठरीव मुशाहिरा अधिक भरवशाचा वाटावा, यात नवल नव्हते. पुण्याचेच नाव धारण करणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली, तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कूट येथे ७ डिसेंबर १९१५ पासून त्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी, अन्नावाचून हतबल होऊन, शत्रूच्या स्वाधीन झाल्या. त्या मोहिमेतील मृतांचे जे भव्य स्मारक पुढे बसऱ्याला उभारले गेले, त्याच्या शिळांवर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या.

पाषाणाने जे नाकारले ते एका पदकाने दिले, म्हणून लष्करी पदकांच्या संग्रहाला मी छंदापेक्षा दप्तरखान्याचे काम अधिक मानतो. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ या नावाचे हे रौप्यपदक ३६ मिलिमीटर व्यासाचे. एका बाजूस पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस गरुडचिन्हांकित ढाल टापांखाली तुडविणारा घोडेस्वार. जाणता संग्राहक मात्र या दोन्ही बाजूंवर ओझरती नजर टाकून पदक आडवे धरतो आणि भिंगातून त्याचा काठ वाचू लागतो. कारण तेथे, रोमन लिपीत, बारीक ठशांनी, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटविलेली असते.

चांदी अस्सल आणि वजन अडीच तोळ्यांहून अधिक, त्यामुळे दुष्काळात वा लग्नकार्याच्या ओढगस्तीत अशी पदके सराफाच्या तराजूत मोड म्हणून पडली आणि मुशीत गेली. काही पदकांना डाग देऊन नाकी बसविली गेली व ती घरातल्या बाईच्या गळ्यात माळेबरोबर रुळली. अशा डागलेल्या पदकाची किंमत व्यापारी उतरवितात. मला हा न्याय मान्य नाही, कारण ते पदक त्या घरात किती मानाने वागविले गेले, याचा तो डागच दाखला होय. खरी हानी करतात ती चिंच आणि राख: दिवाळीच्या साफसफाईत पदक दरवर्षी घासले गेले, की राजाचा चेहरा टिकतो आणि शिपायाचे नाव झिजते.

लबाडीही याच काठावर होते. सामान्य नाव कानशीने घासून तेथे एखाद्या नामांकित पलटणीतील नाव कोरले जाते. तेव्हा कॅलिपरने व्यास मोजावा, आणि तो ३६ मिलिमीटरांहून कमी भरला तर सौदा तेथेच सोडावा. याहून मोठा अपराध म्हणजे एकाच शिपायाची पदके, म्हणजे ब्राँझचा तारा, हे रौप्यपदक आणि इंद्रधनुषी फितीचे विजयपदक, तीन गिऱ्हाइकांना वेगवेगळी विकणे.

दुर्मिळतेचा मान अर्थात जुन्या पदकांचा. १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठी कंपनी सरकारने दिलेले ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक १८५१ साली निघाले, तेही हयात असलेल्यांनाच. त्यामुळे १८१८ च्या कोरेगावच्या लढाईची पट्टी असलेले पदक विक्रीस आले, की जाणकारांची धावपळ उडते.

पहिल्या महायुद्धाच्या पदकांनीही आता शंभरी ओलांडली असल्याने पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याकडे व्यापाऱ्याने दुर्लक्ष करू नये. शंभर वर्षांच्या पुरावस्तूंचा धंदा परवान्याविना करता येत नाही, आणि त्या खासगी रीतीने देशाबाहेर पाठविता येत नाहीत. परंतु कायदा ज्याची विचारणा करीत नाही ती एक गोष्ट प्रत्येक खरेदीदाराने पदकासोबत टिपून ठेवावी: ते कोणत्या गावातून आले. काठावर गाव नसते. रणात पडलेल्याच्या बाबतीत युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत काही ठिकाणी बापाचे नाव, गाव आणि तालुका सापडतो, व नंबर जुळवून माणूस ओळखता येतो; जिवंत परतून पुन्हा नांगराला हात घालणाऱ्याचे गाव मात्र त्याचे नातवंड किंवा पेटीतला पेन्शनीचा कागदच सांगू शकतो.