24 डिसेंबरची कळी

डिसेंबरात खानदेशातल्या फुलवाल्याच्या दुकानात दोन पंचांगं एकाच वेळी चालतात. एक मार्गशीर्षाचं. दर गुरुवारी महालक्ष्मीच्या घटासाठी वेण्या, गजरे आणि पाच प्रकारच्या पानांचे डहाळे, मध्ये चंपाषष्ठीचा झेंडू, मग दत्तजयंतीचे हार. दुसरं नाताळाचं. महिन्याच्या मध्याला धनुर्मास लागतो, लग्नाचे मुहूर्त थांबतात, स्टेज सजवण्याचं काम आटतं आणि नेमक्या त्या खळात चर्चच्या ऑर्डरी येतात. ही तयारी जवळून पाहून लिहा, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून धुळ्याला आग्रा रोडलगतच्या एका दुकानात गेलो.

नाताळ खानदेशाला नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी धुळे, नंदुरबार, नवापूर, अमळनेर या पट्ट्यात काम उभं केलं. नवापूरकडच्या मावची वस्त्यांत आज कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत. भुसावळला रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे गोवेकर आणि अँग्लो-इंडियन घरं वसली. फुलांच्या बाबतीत तर खानदेशाचं ख्रिस्ती घराशी जुनं नातं आहे. धरणगावात 1890 साली जन्मलेले बालकवी ठोमरे नगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले होते. टिळकांना आपण ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणतो, आणि ‘फुलराणी’ बालकवींची.

नाताळाची ऑर्डर अवघड होते ती तिच्या वेळेमुळे. कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्तजन्माआधीचे चार आठवडे आगमनकाळ असतो आणि त्या काळात वेदीवर फुलं बेतानंच ठेवायची असतात. हिरव्या डहाळ्यांच्या कड्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा मेणबत्त्या लावतात, दर रविवारी एक वाढत जाते. मग 24 तारखेच्या दुपारी चित्र एकदम पालटतं. मध्यरात्रीच्या मिस्सेला वेदी, गव्हाणी, दारं, सगळं फुललेलं हवं. गणपतीत फुलवाल्याला दहा दिवस मिळतात, आज कमी पडलं तर उद्या भरून काढता येतं. नाताळात ती सोय नाही. 23 ला पूर्ण उमललेला गुलाब 25 ला मान टाकतो, आणि 24 ला मिटलेली कळी वेदीवर काही कामाची नसते.

ही वेळ सांभाळण्याचं काम दुकानातले मुख्य कारागीर करतात. वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. नाशिककडच्या पॉलिहाऊसमधले गुलाब रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं खोक्यांतून येतात, वीस-वीस काड्यांच्या जुड्या, डोक्याला पन्हळी कागद गुंडाळलेला. नाना जुडी सोडतात, खालची पानं काढतात आणि प्रत्येक काडी बादलीतल्या पाण्याखाली धरून तिरकी कापतात. हवेत कापली तर काडीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाणी वर चढत नाही. मग अंगठा आणि तर्जनीत कळीचा तळ हलकेच दाबून पाहतात. घट्ट लागली तर एका बादलीत, जराशी दबली तर दुसरीत. तिसरी बादली 1 जानेवारीच्या गुलदस्त्यांची, ती थेट फ्रिजरूममध्ये जाते. घट्ट कळ्यांच्या बादलीत कोमट पाणी पडतं आणि ती आतल्या खोलीत दिव्याखाली सरकते. “थंडीमा कळी लवकर उघडस नही, भाऊ. तिले ऊब देनी पडस,” नाना म्हणाले. ऊब किती वेळ द्यायची याचं कोष्टक कुठे लिहिलेलं नाही. ते दर दोन तासांनी उठून तोच तळ पुन्हा दाबून बघतात.

जरबेऱ्याची रीत उलटी. त्याची पोकळ, लवदार काडी खोल पाण्यात सडते, म्हणून बादलीच्या तळाला चार बोटं पाणी पुरतं. आणि कार्नेशनसाठी नानांचा एक नियम दुकानातल्या पोरांना पाठ आहे: केळीजवळ न्यायचं नाही. पिकणाऱ्या केळीतून इथिलीन वायू सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे एक-दोन भाग असले तरी कार्नेशनच्या पाकळ्या आत वळतात आणि पुन्हा उघडत नाहीत. फुलबाजारात याला फूल झोपलं म्हणतात. रावेर, यावल, चोपड्याच्या या केळीच्या मुलखात फळांच्या शीतगृहांची सोय आहे, पण फुलवाल्याला ती उसनी घेता येत नाही. नाताळाला फळांची टोपली आणि गुलदस्ता एकत्र द्यायची पद्धत आहे. नाना टोपली वेगळ्या खोलीत भरतात आणि फुलं डिलिव्हरीच्या गाडीत बसतानाच तिच्यात खोचतात.

इतकी निगुती पाहून माझा आदर वाढला, तशी काळजीही वाढली. पहिली अडचण थंडीची. डिसेंबरात धुळ्याचा पारा राज्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यांत असतो. गुलाबाची छाटणी केल्यापासून फूल हाती यायला साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात, म्हणजे नाताळाचा गुलाब नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटावा लागतो. रात्री गारठल्या की हे गणित चार-पाच दिवसांनी लांबतं, पानांवर भुरी येते, आणि 24 चा माल 28 ला हाती पडतो. जळगावजवळच्या शिरसोलीसारख्या गावांत उघड्या रानात फुलं घेणाऱ्या शेतकऱ्याला तर थंडीपासून आडोसाच नाही.

दुसरी अडचण प्लास्टिकची. एकदा घेतलेलं पॉइन्सेटियाचं नकली झाड पाच नाताळ चालतं, असा हिशेब घरोघरी होतो. प्लास्टिक फुलांवर बंदी घाला, ही फूल उत्पादकांची मागणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली, ती याच जाचामुळे.

तिसरी अडचण दुकानाच्या आतली आहे. फुलं खोचायचा तो हिरवा फोम अमेरिकेत 1954 साली स्मिदर्स यांनी बाजारात आणला. पाणी धरतो, हव्या त्या कोनात काडी पकडतो, कारागिराचा वेळ वाचवतो. पण तो कुजत नाही, त्याचा चुरा होऊन मातीत आणि पाण्यात राहतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. आपल्याकडे 26 डिसेंबरला वेदीवरचा फोम सरळ कचऱ्यात जातो.

त्याला पर्याय याच मातीत आहे. घड कापल्यावर केळीचं खोड शेतात पडून राहतं. ते पाण्यानं भरलेलं असतं आणि काडी घट्ट धरतं. थायलंडमध्ये नदीत सोडायचे फुलांचे द्रोण केळीच्या खोडाच्या चकतीवरच रचतात. नानांनी ते करून पाहिलं आहे. चीक वेदीच्या पांढऱ्या कापडाला डाग पाडतो, म्हणून चकती धुऊन, निथळून, खाली पान गुंडाळावं लागतं. फोमवर जी रचना अर्ध्या तासात होते, तिला खोडावर दीड तास लागतो. हा वेळ कुठल्याही ऑर्डरीच्या रकमेत धरलेला नसतो.

म्हणून चर्चच्या समित्यांना आणि घरच्या गिऱ्हाइकांना माझी विनंती आहे. नाताळाची ऑर्डर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात देऊ नका, ऑक्टोबर संपायच्या आत द्या. म्हणजे दुकानदाराला शेतकऱ्याशी बोलून छाटणीची तारीख ठरवता येईल, आणि थंडीच्या चार-पाच दिवसांची तजवीज आधीच होईल. आणि फोम नको, खोड चालेल, असं सांगताना कारागिराच्या वाढीव तासांची मजुरीही त्याच कागदावर लिहा. ही विद्या नानांच्या दोन बोटांत आहे. तिच्यावर घर चालतं असं दिसलं, तरच दुकानातलं एखादं पोरगं ती शिकायला त्यांच्याशेजारी बसेल.