पाण्याची दुसरी फेरी – भाग ६ : कारखान्याच्या पाण्याला वेगळी वाट

मागच्या भागात आरओच्या पडद्याचं भरपूर कौतुक झालं. मग कारखान्याचं सांडपाणीही त्यातून गाळून प्यायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती सगळ्यात आधी ओळखली ती मैलापाणी शुद्ध करून प्यायला देणाऱ्यांनीच.

नामिबियाची राजधानी विंडहोक. पाऊस बेताचा, बारमाही नदी शेकडो किलोमीटर दूर. मैलापाणी शुद्ध करून थेट नळाला सोडण्याचं धाडस या शहराने १९६८ सालीच केलं. गोरेआंगाबच्या २००२मधल्या नव्या केंद्राची क्षमता रोज २ कोटी १० लाख लिटर. ओझोन, सक्रिय कोळसा, अतिसूक्ष्म गाळणी, शेवटी क्लोरीन, असे टप्पे ओलांडून ते पाणी इतर पाण्यात मिसळतं. पण या केंद्राकडे येतं ते मुख्यतः घरांतलं पाणी. कारखान्यांचं पाणी मुद्दाम वेगळ्या नळांतून उजाम्सच्या केंद्राकडे वळवलेलं आहे. मला तर विंडहोकची खरी हुशारी ओझोनपेक्षा या नळांच्या आखणीत दिसते.

कारण साधं आहे. घरातलं पाणी कितीही घाण असलं तरी सोमवारचं आणि शुक्रवारचं साधारण सारखंच असतं. त्यातले जंतू कसे मारायचे हे आपल्याला ठाऊक आहे. कारखान्याचं पाणी माल बदलला की बदलतं. आज रंग, उद्या आम्ल, परवा एखादा द्रावक. काय शोधायचं हेच माहीत नसेल तर तपासणी कशाची करणार?

आरओचा पडदा मीठ अडवतो, जड धातू अडवतो. पण ज्यांचे रेणू लहान आणि विद्युतभाररहित असतात, अशी काही रसायनं त्यातून निसटतात. नेलपॉलिश काढायला वापरतात ते अॅसिटोन त्यांपैकीच. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८पासून मैलापाणी शुद्ध करून जमिनीत मुरवतात. तिथे २०१३ साली नेमकं हेच अॅसिटोन पडद्यापार गेलं. पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनवर सतत नजर ठेवणाऱ्या यंत्रांमुळे ते लक्षात आलं. म्हणूनच तिथली यंत्रणा गटारात कोणता कारखाना काय सोडतो, यावरही पहारा ठेवते. पहिली गाळणी कारखान्याच्या दाराशीच हवी.

सिंगापूरने तर वाटच उलटी धरली. तिथलं २००३पासूनचं ‘न्यूवॉटर’, म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी, पिण्याइतकं शुद्ध आहे. पण त्यातला मोठा वाटा जातो चिप बनवणाऱ्या आणि इतर कारखान्यांना. कोरड्या महिन्यांत थोडं जलाशयांत सोडतात, एवढंच. आपल्या एमआयडीसींनाही हाच रस्ता परवडेल असं मला वाटतं: कारखान्याचं पाणी शुद्ध करून कारखान्यालाच द्यावं, आणि त्यामुळे वाचलेलं धरणाचं पाणी गावाला.

आरओनंतर मागे उरणारं खारट, विषारी पाणी कुठे टाकायचं, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.