दुर्गंधी वसंत

वसंत म्हटला की आंब्याचा मोहर, मोगरा आणि कोकिळा हे त्रिकूट निबंधात आलेच पाहिजे, असा दंडकच आहे. पण याच ऋतूत काही फुलांना चक्क मेलेल्या उंदराचा वास येतो, हे कोणी लिहीत नाही. मलाही ते मागच्या वैशाखात कळले, आणि जरा उशिराच कळले.

देवळी तालुक्यातील आमच्या घरी परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर आजीने सुरण लावलेला आहे. शेजारी लग्न होते. ऐन हळदीच्या संध्याकाळी असा वास सुटला, की मंडळी मेलेली घूस शोधू लागली. मांडव हुडकला, धाबे पाहिले. शेवटी कंदिलाच्या उजेडात सापडले ते जमिनीलगत उमललेले जांभळट, सुरकुतलेले, परातीएवढे फूल. आबांनी सकाळ होताच सब्बल घेतली आणि कंदासकट ते उपटून काढले. पाहुण्यांपुढे नाक कापले गेले, असे ते दोन दिवस म्हणत होते.

नंतर ग्रंथालयात वाचले तेव्हा हळहळ वाटली. सुरणाचे ते एक फूल नसून फुलांचा समुदाय असतो. मधल्या दांड्यावर खाली मादीफुले, त्यांच्यावर नरफुले आणि टोकाला वांझ गोळा. मादीफुले आधी तयार होतात. त्या वेळी हा गोळा तापतो आणि उष्णतेमुळे गंधकयुक्त द्रव्यांचा वास दूरवर पसरतो. कुजके मांस समजून माश्या व भुंगेरे येतात. दुसऱ्या फुलाचे पराग अंगावर असले तर काम झाले. परागकण बाहेर पडतात ते पुढे, मादीफुलांची वेळ सरल्यावर. म्हणजे स्वतःचेच पराग स्वतःला लागण्याचा प्रश्न नाही. वासाचा मुख्य भर पहिल्या रात्रीपुरता असतो. आबांनी सब्बल घेतली तेव्हा तो ओसरूच लागला होता!

हे नाटक सुरणाचे एकट्याचे नव्हे. कोकणात पावसाच्या तोंडावर ज्याची भाजी करतात ते शेवळे याच कुळातले. सुमात्रा बेटावर १८७८ साली बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञाला याचाच पुरुषभर उंचीचा भाऊबंद सापडला. तो १८८९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात फुलला. जंगली बदामाचे झाड फाल्गुन-चैत्रात असेच घाण वासाने फुलते. त्याच्या शास्त्रीय नावात, स्टर्क्युलिया फीटिडा, पहिला शब्द रोमन लोकांच्या खताच्या देवावरून आलेला आणि दुसऱ्याचा अर्थ दुर्गंधी. नाव ठेवणाऱ्याने काही बाकी ठेवले नाही.

ज्यांना हे फूल पाहायचे असेल त्यांनी मृगाच्या आधी हातभर खोल खड्डा करून शेणखत घालावे आणि डोळा असलेली सुरणाची फोड लावावी. पाणी साचू देऊ नये. पावसाळ्यात जे छत्रीसारखे झाड दिसते ते खरे म्हणजे एकच पान असते. खोड वाटते तो त्याचा देठ. पान पिवळे पडून गळले की लोक कंद काढतात. (हात खाजतात, कारण कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून भाजीत चिंच.) फूल हवे तर कंद काढू नये. तो काही वर्षांनी पुरेसा मोठा झाला की पान नसताना, उन्हाळ्यात, फुलतो. जागा मात्र घराच्या पूर्वेला निवडावी. आपल्याकडे उन्हाळी वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे वास घरात येत नाही. पूर्वेला शेजारी असतील तर त्यांना आधी सांगून ठेवावे.

उपटलेला कंद आजीने फेकू दिला नाही. त्याच्या चार फोडी केल्या. तीन न्हाणीपाशीच लावल्या, त्या भाजीसाठी. चौथी मी मागून घेतली आणि वावराच्या धुऱ्यावर लावली. आबांना अजून सांगितलेले नाही.